तळ्याच्या तळावरची शेती: काश्मीरचं खोरं समजून घेताना

श्रीनगरच्या दक्षिणेला जेमतेम पंधरा किलोमीटरवर पांपोर आहे. गावाजवळून झेलम वाहते आणि नदीकाठच्या सपाटीवर भाताची खाचरं आहेत. त्याच गावाच्या वरच्या अंगाला मातीचं पठार आहे आणि तिथे केशराची शेतं आहेत. ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या भरवशावर. हाकेच्या अंतरावर बारमाही नदी असताना देशातलं सगळ्यात महागडं पीक कोरडवाहू का, असा प्रश्न नवख्याला पडतोच.

उत्तर उंचीच्या फरकात आहे. पठार नदीपेक्षा बरंच वर आहे, आणि पाणी चढ चढत नाही. काश्मीरच्या शेतीतली बहुतेक कोडी अशीच सुटतात. जुन्या महसुली दप्तरात जमिनीचे दोन ढोबळ भाग केलेले दिसतात: आबी, म्हणजे पाटाचं पाणी पोचणारी, आणि खुश्की, म्हणजे न पोचणारी. कोणत्या जमिनीत काय पिकणार, हे ही एक नोंद पाहून बरंचसं सांगता येतं. हवा, बियाणं, बाजार यांचा विचार त्यानंतर येतो.

आता हे खोरं झालं कसं ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं काहीच लागत नाही.

काश्मीरचं खोरं साधारण १३५ किलोमीटर लांब आणि ३२ किलोमीटर रुंद आहे. तळाची उंची समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरच्या आसपास. नैर्ऋत्येला पीर पंजालची रांग, ईशान्येला मुख्य हिमालय. काठोकाठ डोंगर असलेली परात आणि तिच्या एकाच बाजूला उडालेली कपची, अशी त्याची रचना आहे. ती कपची म्हणजे बारामुल्ला. खोऱ्यातलं सगळं पाणी शेवटी तिथूनच बाहेर पडतं.

सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी पीर पंजाल वर उचलला जाऊ लागला तेव्हा पाण्याची वाट अडली आणि मोठं तळं साचलं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून येणारे ओढे त्यात गाळ ओतत राहिले: चिकणमाती, वाळू, गोटे, कुठे कुठे झाडपाला कुजून झालेला लिग्नाइट. या थरांची जाडी हजार मीटरहून अधिक भरते. दरम्यान पीर पंजाल उचलला जातच होता. त्यामुळे तळ्याचा तळ एका बाजूने कलला, पाणी हळूहळू हिमालयाच्या बाजूला सरकत गेलं आणि अखेर बारामुल्ल्याच्या घळीतून निघून गेलं. मागे उरला गाळ. त्यावर नंतरच्या हिमयुगी काळात वाऱ्याने बारीक धूळ आणून पसरली.

नद्यांनी हा गाळ कापला. कापून उरलेले सपाट माथ्याचे, उभ्या कडांचे तुकडे म्हणजे करेवे. काश्मिरीत त्यांना वुडर म्हणतात. तळ कलल्यामुळे करेवे मुख्यतः पीर पंजालच्या बाजूला आहेत: पुलवामा, शोपियां, बडगाम. झेलम मात्र हिमालयाच्या बाजूला चिकटून वाहते. २००० साली पांपोरजवळच्या गलंदर इथे करेव्याच्या मातीत एका प्रचंड हत्तीची कवटी आणि तिच्या सोबत दगडी हत्यारं सापडली. श्रीनगरजवळच्या बुर्झहोमचे खड्ड्यातली घरं बांधणारे लोकही, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे, करेव्यावरच राहत होते. उंच, कोरडी आणि खणायला सोपी जागा त्यांनी निवडली यात नवल नाही.

खोरं आधी तळं होतं ही आठवण लोककथेतही आहे. सतीसर नावाचं सरोवर, त्यात दडलेला जलोद्भव राक्षस, आणि डोंगर फोडून पाणी काढल्यावर कश्यपाने वसवलेली भूमी अशी ती कथा. भूगर्भशास्त्र न शिकलेल्या लोकांनी नुसता भूप्रदेश पाहून हा अंदाज बांधला असेल तर त्यांच्या नजरेला दाद द्यायला हवी.

तळं गेलं, पण खोऱ्याचा स्वभाव तळ्याचाच राहिला. दक्षिणेला खन्नाबलपासून वूलर सरोवरापर्यंत झेलमला उतार इतका कमी आहे की रस्ते होईपर्यंत मालवाहतुकीचा मुख्य मार्ग नदीच होती. उतार कमी म्हणजे पाणी तुंबणार, आणि बाहेर पडायची वाट एकच, तीही अरुंद. बारामुल्ल्याला गाळ किंवा दगड साचले की मागे अर्धं खोरं पाण्याखाली जातं.

यावरचा सगळ्यात जुना नोंदलेला इलाज नवव्या शतकातला आहे. अवंतिवर्मा राजाच्या काळातल्या सुय्या नावाच्या अभियंत्याचं काम कल्हणाने राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासग्रंथात सविस्तर लिहून ठेवलं आहे. पुरांमुळे धान्य पिकत नव्हतं, लोक उपाशी होते. सुय्याने नाण्यांनी भरलेली मडकी नावेतून नेली आणि बारामुल्ल्याकडच्या अरुंद भागात, जिथे कोसळलेल्या दगडांनी पात्र अडलं होतं, तिथे नाणी पाण्यात फेकली. भुकेले लोक नाण्यांसाठी पाण्यात उतरले आणि शोधता शोधता दगड उचलून बाहेर टाकू लागले. पुढे त्याने नदीला बांध घालून सात दिवस पाणी थोपवलं, तळ साफ केला आणि बांध फोडला. पाणी ओसरलं, बुडालेली जमीन वर आली, तिथे गावं वसली. एक खारी (धान्याचं जुनं माप) तांदळाचा भाव २०० दिनारांवरून ३६ वर आला, असं कल्हण सांगतो. सोपोर हे शहर, म्हणजे मूळचं सुय्यपूर, त्याच्याच नावाचं.

नाण्यांची गोष्ट रंगतदार म्हणून सगळे सांगतात. मला त्यापेक्षा त्याच वर्णनातला दुसरा तपशील मोठा वाटतो. सुय्याने गावोगावची माती मागवली, ती भिजवली आणि कोणती किती दिवसांत सुकते ते पाहिलं. त्यावरून कोणत्या गावाला किती दिवसांनी पाणी द्यायचं, हे ठरवलं. सिंचनाची पाळी मातीच्या ओल धरण्याच्या ताकदीवर ठरवायची ही पद्धत आजच्या कृषी अभियंत्यालाही परकी वाटणार नाही.

बाहेरची वाट अरुंदच असल्याने पुराचा प्रश्न कायमचा कधीच सुटला नाही. १९०३ च्या पुरानंतर, १९०४ साली, झेलमचं जादा पाणी श्रीनगरला वळसा घालून नेणारा कालवा काढला गेला. वूलर सरोवर आणि त्याच्या आसपासच्या पाणथळ जागा फुगलेलं पाणी पोटात घेतात. गाळ साचून आणि काठावर विलोची झाडं लावली गेल्याने वूलरची ही ताकद कमी झाली. १९९२ च्या पुरात तर तिथली कमळंच गाळाखाली गेली. म्हणजे नद्रू, आपली कमळकाकडी, गेली आणि तीवर जगणारी घरंही अडचणीत आली. अलीकडे गाळ उपसल्यावर तिथे पुन्हा कमळं फुलू लागली आहेत.

आता आबी जमीन. इथलं राज्य भाताचं. पण हा भात मोसमी पावसावरचा नव्हे. पीर पंजाल मोसमी वारे बरेचसे अडवतो, त्यामुळे श्रीनगरला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटरच पाऊस-बर्फ मिळतो, आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्यात व वसंतात पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, पडतो. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. शेतकऱ्याचं लक्ष या चाळीस दिवसांतल्या बर्फावर असतं. तेव्हा पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो. मार्चमध्ये उशिरा पडलेला बर्फ दिसायला तितकाच, पण आठवड्याभरात वाहून जातो. जूनमध्ये लावणी चालू असताना लिद्दर, सिंध, विशव अशा नाल्यांना पाणी आलं तर ते जानेवारीच्या बर्फाचं. (हा सिंध नाला सोनमर्गकडून येतो, सिंधू नदीशी त्याची गल्लत होते.) नाल्यांतून निघणारे छोटे पाट, ज्यांना कुल म्हणतात, ते हे पाणी खाचरांपर्यंत आणतात. चुनखडीच्या डोंगरांतून फुटणारे झरे, म्हणजे नाग, ही दुसरी भर. वेरीनाग, कोकरनाग, अनंतनाग ही गावांची नावं तिथूनच आली आहेत.

वर्षात भाताचं एकच पीक निघतं. एप्रिल-मेमध्ये रोपं, जूनमध्ये लावणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी. भाताला इथे खरी भीती थंडीची. पोटरीच्या वेळी रात्री गार पडल्या तर दाणा भरत नाही, लोंब्या पोचट राहतात. म्हणून उंचीप्रमाणे वाण बदलतात: तळाच्या सपाटीवर बरीच वर्षं ‘चायना १०३९’सारखे वाण होते, वरच्या गार पट्ट्यात ‘के ३३२’सारखे थंडी सोसणारे. सगाम-कोकरनागकडचा सुवासिक मुश्क बुदजी करपा रोगामुळे जवळपास संपत आला होता. शालिमारच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांनी तो पुन्हा शेतात आला आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भात निघाल्यावर बऱ्याच खाचरांत मोहरी पेरतात. मार्च-एप्रिलमध्ये खोरं पिवळं दिसतं ते तिच्यामुळे.

एका हंगामात वर्षाचं खायचं पिकवायचं, म्हणून भोपळा, वांगी, टोमॅटो उन्हाळ्यात कापून वाळवून ठेवायची रीत घरोघरी आहे. बर्फाने बाहेरचा रस्ता बंद झाला की हेच उपयोगी पडतं.

आता परत करेव्यावर. वरचा थर वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचा, त्यात चुना. ही माती सच्छिद्र असते: ओल धरते, पण पाणी साचू देत नाही. खालच्या सपाटीवरची चिकण माती याच्या उलट. केशराला नेमकं हेच लागतं, कारण त्याचा कंद साचलेल्या पाण्यात कुजतो. म्हणून सपाट करेव्यावरसुद्धा केशराचे चौकोनी वाफे उंच करतात आणि चारी बाजूंनी चर ठेवतात. पाणी न पोचणं ही करेव्याची खोट खरी, पण केशराच्या बाबतीत तीच त्याची लायकी ठरली.

या झाडाचं वेळापत्रक सगळ्यांच्या उलटं चालतं. मे महिन्यात पानं वाळतात आणि वर काहीच दिसत नाही. उन्हाळाभर शेत ओसाड वाटतं, पण त्याच वेळी जमिनीतल्या कंदात फुलाचा कोंब घडत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक-दोन पाऊस हवेत. ते कंदाला जागं करतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे जांभळी फुलं येतात. ती सकाळी ऊन चढायच्या आत खुडायची, घरी आणून पाकळ्या सोडवायच्या आणि आतले तीन लाल तंतू वेगळे करायचे. तंतूच्या बुडाचा पिवळा भाग ठेवला तर तो लच्छा, नुसता लाल भाग घेतला तर मोंगरा. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, आणि हे काम करणारं यंत्र अजून बोटांची बरोबरी करत नाही. फुलं संपल्यावर पानं हिवाळाभर वाढतात आणि जुन्या कंदाच्या जागी नवे कंद तयार करतात. केशर बी धरत नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने ते वांझ आहे. त्यामुळे लागवड कंदानेच होते. एक प्रकारे शेतातलं प्रत्येक झाड जुन्याच झाडाचा तुकडा असतं आणि रोग लागला तर कंदाबरोबर तोही पुढे जातो.

केशराचं क्षेत्र घटत आलं आहे: १९९६-९७ मध्ये सुमारे ५,७०० हेक्टर होतं, ते २०१६-१७ पर्यंत सुमारे ३,७०० हेक्टरवर आलं. शरदातला पाऊस बेभरवशाचा झाला हे मोठं कारण. २०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय केशर अभियान सुरू केलं, त्यात बोअरवेल आणि तुषार सिंचनाची योजना होती, म्हणजे खुश्की जमिनीला थोडं पाणी देण्याची. पाइप शेतात गेले, पण पाणी सगळ्यांपर्यंत पोचलं नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. करेव्यावर पाणी चढवायचा खटाटोप काही आजचा नाही. आठव्या शतकात ललितादित्याने चक्रधर इथे रहाटांची ओळ लावून वितस्तेचं, म्हणजे झेलमचं, पाणी गावांना दिल्याची नोंद कल्हणानेच केली आहे.

काही जण आता केशर खोलीत फुलवतात. फूल कंदातल्या साठ्यावरच येत असल्याने ट्रेमध्ये नुसते कंद ठेवले, तापमान आणि दमटपणा सांभाळला तरी फुलं येतात, मातीची गरज लागत नाही. पण नवे कंद वाढायला माती लागतेच, म्हणून फुलं खुडून झाली की कंद शेतात पुरावे लागतात. खोलीतल्या शेतीच्या बातम्यांत हा अर्धा भाग अनेकदा गळतो.

करेव्याचे उतार आणि डोंगराचा पायथा फळांचा. भारतातल्या सफरचंदांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जम्मू-काश्मीरमधून येतात, आणि त्यातली बहुतेक याच खोऱ्यातली. सफरचंदाच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात, आणि ७ अंशांखालची थंडी हजाराच्या आसपास तास मिळाल्याशिवाय नीट जाग्या होत नाहीत. इथे ती सहज मिळते. पायथ्याच्या उतारावर गार हवा रात्री खाली वाहून जाते, त्यामुळे फुलोऱ्यावर पडणारं दव-हिमही तळापेक्षा कमी त्रास देतं. अडचण होते ती वेळ चुकली की. २०१८ आणि २०१९ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला जोरदार बर्फ पडला तेव्हा झाडांवर पानं होती. पानांनी बर्फ धरून ठेवला आणि वजनाने फांद्याच काय, खोडंही चिरली. महिन्याभराने तेवढाच बर्फ पडता तर उघड्या फांद्यांवरून घसरून गेला असता. पारंपरिक झाड फळावर यायला आठ-दहा वर्षं घेतं, त्यामुळे असं नुकसान एका हंगामापुरतं राहत नाही. आता ठेंगण्या खुंटावरच्या, तारांना बांधलेल्या दाट लागवडी आल्या आहेत. त्या दोन-तीन वर्षांत फळ देतात, पण त्यांना ठिबकचं पाणी हवं.

एक शेती अशीही आहे की जिथे जमीनच नाही. दल सरोवरात पाणकणीस आणि पाणवनस्पती यांचा जाड गालिचा कापून तो पाण्यावर तरंगता ठेवतात, वर तळातला चिखल आणि शेवाळ यांचे ढीग घालतात आणि त्यात काकडी, टोमॅटो, खरबूज लावतात. या वाफ्यांना राद म्हणतात. पाणी मुळांना खालूनच मिळतं आणि पूर आला तर वाफा पाण्याबरोबर वर चढतो. वाफा ओढून दुसरीकडे नेता येतो ही सोय चोरांच्याही लक्षात आली होती: रात्रीत कुणाचं तरी शेतच पळवल्याच्या तक्रारी इंग्रजांच्या काळातल्या वर्णनांत आहेत. शेतावरून वाद सगळीकडेच होतात, पण शेत सापडत नाही म्हणून बहुधा इथेच होत असावेत.

सध्या हे सगळे थर जागा बदलत आहेत. खाचरांत सफरचंद चाललं आहे, कारण हिशेब सरळ आहे. इथली सरासरी जमीनधारणा अर्ध्या हेक्टरच्या आसपास. एवढ्या तुकड्यात भात लावला तर मजुरी वजा जाता फार उरत नाही, आणि रेशनवर तांदूळ स्वस्त मिळतो. बाग कित्येक पटीने अधिक देते. त्यात पाण्याचा बेभरवसा. २०१८ च्या वसंतात बर्फ इतका कमी होता की पाटबंधारे खात्याने उत्तर काश्मीरमध्ये यंदा भात लावू नका असा सल्ला दिला. त्या वर्षी ज्यांनी मका, कडधान्य लावलं त्यातले काही परत भाताकडे वळतीलही, पण झाड लावणारा वळत नाही. शिवाय कुलची साफसफाई सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून करायची असते. अर्ध्यांनी बागा केल्या तर उरलेल्यांना तेवढाच पाट निम्म्या हातांनी सांभाळावा लागतो, आणि मग तेही बागेचा विचार करू लागतात.

बाग वाढली तसा रस्त्याचा प्रश्न मोठा झाला. नाशवंत माल बाहेर न्यायला मुख्य वाट जम्मू-श्रीनगर महामार्गाची, आणि तो दरडींनी बंद पडतो. २०२५ च्या पावसाळ्याअखेर तेच झालं, फळांनी भरलेले ट्रक दिवसेंदिवस अडकले आणि माल सडला. त्याच वर्षी जूनमध्ये खोरं रेल्वेने उर्वरित देशाला जोडलं गेलं होतं, म्हणून सप्टेंबरमध्ये बडगामहून दिल्लीला सफरचंदाची पार्सल गाडी सुरू करता आली. फळवाल्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण खोऱ्यातल्या काझीगुंड-बारामुल्ला रेल्वेमार्गाच्या भरावासाठी माती आली ती करेवे खणूनच. रस्त्यांचंही तेच. घर बांधणारा माणूसही खोलगट प्लॉट आधी करेव्याच्या मातीने भरून घेतो. म्हणजे वरची, केशर-बदामाची जमीन ट्रकने उचलून खालच्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीवर टाकली जाते. करेव्याचा तो थर साचायला हजारो वर्षं लागली. तो पुन्हा तयार होणार नाही. आणि खाली ज्या खाचरात पुराचं पाणी चार दिवस उभं राहून ओसरत असे, तिथे भराव झाल्यावर ते पाणी शेजारच्या वस्तीत जातं. श्रीनगरचं बेमिना उपनगर अशाच पूर पोटात घेणाऱ्या सखल भागात, १९०४ च्या त्या कालव्याच्या आसपास वाढलं. सप्टेंबर २०१४ च्या पुरात झेलम उतरू लागल्यावरही तिथलं पाणी निघायला कित्येक दिवस लागले.